कारण विचारायचं नाही

४ जानेवारी

तीर्थरूप आणि तितक्याच तापट आत्यास,
लांबूनच नमस्कार, कारण जवळ आले की तू आधी दंड चाचपून बघतेस आणि मग 'वाळलीस' म्हणतेस.

फोनवर बोलणं आपण दोघींनी सोडून दिलेलं बरं. मागच्या रविवारी मी घसा फाटेस्तोवर तुझ्या गुडघ्यांबद्दल विचारत होते आणि तू आपली "हो, हो, जेवले" म्हणत होतीस. शेजारच्या खोलीतले डॉक्टर धावत आले, त्यांना वाटलं मलाच काही झालं. म्हणून आता पत्र. मुख्याध्यापिका होतीस तेव्हा मुलांकडून पत्रं लिहून घ्यायचीस, आता मला दहापैकी किती देतेस ते कळव.

नव्या कामाबद्दल विचारलं होतंस. हवाई रुग्णवाहिका म्हणजे आमचं एक हेलिकॉप्टर. कॅप्टन पुढे बसून ते चालवतात, मागे पेशंटजवळ डॉक्टर आणि मी, परिचारिका. आत उभं राहता येत नाही, सगळं काम गुडघ्यांवर. आवाज इतका की स्टेथोस्कोप लावून काही उपयोग नाही, छातीवर हात ठेवायचा आणि श्वास हाताला ऐकायचा. तुझे कान वयाने गेले म्हणून तू कुरकुरतेस, मी तर पगार घेऊन घालवतेय.

आमचा तळ म्हणजे धावपट्टीच्या कडेला एक पत्र्याची मोठी शेड, तिला चिकटून दोन खोल्या, काही पलंग आणि एक किटली. दर सोमवारी आम्हा सगळ्यांचं वजन होतं, हेलिकॉप्टरला किलोकिलोचा हिशेब लागतो. त्यामुळे डॉक्टर बिस्किटांचा डबा हेल्मेटच्या कपाटात लपवतात आणि मी तो शोधते. कॅप्टन फारसं बोलत नाहीत. बोलले तर हवेबद्दल.

इथले दोन नियम मला फार आवडले. पहिला असा की पेशंट लहान मूल आहे की म्हातारं माणूस, हे कॅप्टनना सांगायचं नाही. त्यांनी वारा आणि धुकं बघून ठरवायचं, पेशंट बघून नाही. दुसरा नियम असा की निघण्याआधी आम्हा तिघांपैकी एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी हेलिकॉप्टर जागचं हलत नाही. बाकीच्या दोघांनी 'समजलं' एवढंच म्हणायचं. कारण विचारायचं नाही. मी आल्यापासून कोणी तसं म्हटलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि तुझे गुडघे असे. माझ्याकडे तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, त्यातली एक रिकामी. ये की राहायला. आई गेल्यावर बाबांनी मला तुझ्या ओटीत टाकलं, तेव्हा तू विचार करायला वेळ मागितला नव्हतास.

तुझी,
ठमी

---

१५ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा तोही पोस्टानेच.

पत्राला दहापैकी सहा. मजकूर बरा आहे, अक्षराचे मार्क कापले. लहानपणी दमलीस की तुझ्या ओळी पानाच्या उजव्या कोपऱ्याकडे घसरायच्या. या पत्रातल्या तशाच घसरल्यात. झोपतेस ना नीट?

तुमचा पेशंटचा नियम पटला. दुसरा काही पटला नाही. दोघं निघालेत आणि एक आडवा आला तर एकाचं ऐकायचं? आणि वर कारणही विचारायचं नाही? माझ्या शाळेत असं केलं असतं तर गणिताचा तास कधी झालाच नसता. आपल्या घरात 'नाही' हा शब्दच नव्हता, तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी तो उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मी पुढे आत येऊ दिला नाही. आयुष्यात एकदाच म्हटलं, एका लग्नाळू पोस्टमास्तरला, आणि त्याचंही अधूनमधून वाईट वाटतं.

राहायला येण्याचं बघू. सध्या हलायलाच सवड नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंची दोन मुलं अभ्यासाला येतात. वाचनालयाची खिडकी संध्याकाळी मीच सांभाळते. कोपऱ्यावरच्या शाळेतली गणिताची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिचे तासही माझ्याच गळ्यात पडलेत. सगळ्यांना मीच सापडते, आणि खरं सांगू, सापडते याचा मला आनंदच होतो.

आणि मला न्यायला हेलिकॉप्टर आणू नकोस. माझं वजन त्याला झेपायचं नाही.

आत्या

---

९ फेब्रुवारी

तीर्थरूप आणि गळ्यात कामं पडलेल्या आत्यास नमस्कार.

उशीर झाला, रागावू नकोस. आमच्यातली एक परिचारिका नोकरी सोडून गेली, तिच्या पाळ्या आता माझ्याकडे आणि दुसऱ्या एकीकडे वाटून आल्यात. नवी मिळेपर्यंत असंच. मजेत चाललंय. काल सकाळी घराची किल्ली सापडेना, सगळं घर पालथं घातलं, शेवटी फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीखाली सापडली! कामावर पोचले तर पायात एक माझा बूट, एक घरातली सपाट चप्पल. डॉक्टर इतके हसले की त्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

मागच्या आठवड्यात एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या आजोबांना आणलं. छातीत दुखत होतं. त्यांनी खुणेनं विचारलं, खिडकीतून बाहेर बघू का? मान वळवायची नव्हती. मग मी स्टीलचा ट्रे तिरका धरला, त्यात त्यांना खालची जमीन दिसली. पोचेपर्यंत बघत होते. असं काही झालं की वाटतं, हेच काम करायचं, दुसरं कुठलं नको.

आजोबा दवाखान्यात पोचले, पण संध्याकाळी गेले. आम्हाला फोनवर कळलं. आम्ही तिघांनी हेलिकॉप्टरची फरशी पुसली. आमच्याकडे अशा वेळी कोणी बोलत नाही, फरशी पुसतात. ती स्वच्छ असली तरी.

घाईत आहे. तू गुडघ्यांना शेक घे.

ठमी

---

१६ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

किल्ली फ्रीजमध्ये सापडली त्याचं तुला हसू आलं, मला आलं नाही. आणि एका पानात तू 'मजेत' लिहिलंस, त्याच पानात आजोबा गेले. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल, पण अजून वाचता येतं.

वरिष्ठांना सांग की माणसं कमी आहेत. मात्र काम टाकू नकोस. थोडं रेटून ने, असे दिवस येतात आणि जातात. मीही आज ताप अंगावर काढून दोन तास घेतले. वर्गात उभी राहिले की ताप उतरतो, असा माझा अनुभव आहे.

लोकरीचे मोजे पाठवतेय. दोन्ही एकाच रंगाचे आहेत, निदान तेवढे तरी जोडीने घाल.

आत्या

---

३ मार्च

आत्या,
आज मायना सुचत नाही.

मी 'नाही' म्हटलं.

गुरुवारी दुपारी मी चहा ओतत होते, तेवढ्यात घंटा झाली. डोंगरापलीकडच्या खाणीत एका कामगाराच्या पायावर दगड आला होता. निघण्याआधी आमची एक रीत असते. औषधाची एकेक बाटली मी हातात घ्यायची, वरचं नाव आणि मात्रा मोठ्यानं वाचायची, डॉक्टरांनी तेच परत म्हणायचं, मग ती पिशवीत जाते. मी पहिली बाटली वाचली. डॉक्टरांनी परत म्हटलं. मी ती पिशवीत ठेवली, आणि मला आठवेना काय वाचलं ते. काढून पुन्हा वाचली. पुन्हा गेलं. अक्षरं दिसत होती, शब्दही दिसत होता, पण ओल्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा तो गळून पडत होता. तोवर कॅप्टननी हेलिकॉप्टरचा पंखा सुरू केला होता. मी हेल्मेटच्या माइकवर म्हटलं, "नाही."

कॅप्टन म्हणाले, "समजलं." पंखा मंद झाला, थांबला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग तेही म्हणाले, "समजलं."

पलीकडच्या तळावरचं हेलिकॉप्टर गेलं, पण हातातला पेशंट पोचवून मग. तो माणूस वाचला. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आपण गेलो असतो तर पाय वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वाचलाही असता. सांगता येत नाही." खोटं बोलले नाहीत याचं बरंही वाटलं आणि वाईटही.

मला कोणी काही विचारत नाही, नियमच आहे. पण डॉक्टर आता बिस्किटं लपवत नाहीत. डबा सरळ माझ्यासमोर ठेवतात आणि खोलीबाहेर जातात. त्यापेक्षा लपवलेली बरी होती गं.

परवा त्या कामगाराचा भाऊ फाटकाशी आला. "कोण म्हणालं नाही? त्याला बाहेर काढा," असं ओरडत होता. आमच्या प्रमुख बाईंनी नाव सांगितलं नाही. बराच वेळ तो फाटकाला धरून उभा राहिला. मी खिडकीआडून बघत होते आणि बाहेर गेले नाही.

माझं चुकलं का? दुसऱ्या कोणाला विचारणार, तूच सांग.

ठमी

---

९ मार्च

ठमे,

विचारलंस म्हणून सांगते. हो, चुकलीस.

एक माणूस दगडाखाली पडलाय आणि तू म्हणतेस शब्द आठवेना. आठवला नाही तर तिसऱ्यांदा वाचायचा. चौथ्यांदा वाचायचा. तोंडावर पाण्याचा हबका मारायचा आणि जायचं. दमणूक कोणाला नसते? तुझी आई गेली त्या आठवड्यात मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासले. तू मांडीवर रडत होतीस, मी एका हाताने तुला थोपटत होते आणि दुसऱ्या हातात लाल पेन. एकही पेपर उशिरा गेला नाही.

तो तुमचा नियम मला पहिल्याच पत्रात खटकला होता. पळवाट ठेवली की माणूस पळतोच. पण माझी ठमी पळेल असं वाटलं नव्हतं. तुला वाढवण्यात माझंच काही कमी पडलं असेल. दोन दिवस हाच हिशेब मांडतेय.

त्या भावाला तरी भेटायचं होतंस.

आत्या

---

१३ मार्च

आत्या,

राग पोचला. बरं वाटलं, खरंच सांगते. इथे सगळे माझ्याशी इतकं हळू बोलतात की मीच आजारी असल्यासारखं वाटतं. तू निदान ओरडलीस.

भावाला भेटायला हवं होतं, हे तुझं खरं आहे. भेटणार आहे. पण बाकीचं तुझं चुकतंय, आणि हे मी मान खाली घालून लिहीत नाहीये.

आमच्या पिशवीत सारख्याच आकाराच्या दोन बाटल्या असतात. एकीनं दुखणं थांबतं. दुसरीनं श्वास थांबतो. ती द्यावी लागते, घशात नळी घालण्याआधी, पण तेव्हाच. हबका मारून मी गेले असते, त्या खाणीत धुळीत गुडघ्यांवर बसले असते आणि हातात दुसरी बाटली आली असती, तर त्याच्या पायाचा प्रश्नच उरला नसता. पेपर तपासताना तू चुकलीस तर मूल नापास होतं, आणि पुढच्या वर्षी पास होतं. माझ्याकडे पुढचं वर्ष नसतं.

मी पळाले नाही. पळणं म्हणजे काय ते सांगू? त्याआधीचा महिनाभर मी दमलेली असून हेलिकॉप्टरमध्ये चढत होते आणि किल्लीचे विनोद सांगत होते, ते पळणं होतं. तू हसली नाहीस, पण 'रेटून ने' म्हणालीस.

आणि ते पेपर, आत्या. तू मला थोपटत ते तपासलेस हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि अभिमानानं ऐकत आले. पण परवापासून एकच मनात येतं. त्या आठवड्यात कोणीतरी येऊन तुझ्या हातातून ते लाल पेन काढून घ्यायला हवं होतं. तुझी वहिनी गेली होती गं.

आता पुढचं ऐक. भावाच्या तक्रारीनंतर प्रमुख बाईंनी नवा नियम आणायचं ठरवलंय. इथून पुढे 'नाही' म्हणणाऱ्यानं आधी त्यांना फोन करून कारण सांगायचं. त्यांना पटलं तरच उड्डाण रद्द. ऐकायला रास्त वाटतं ना? पण त्या दिवशी मी काय सांगितलं असतं? मला शब्दच टिकत नव्हते. त्यांनी विचारलं असतं, "जमेल ना?" आणि मी आपल्या घरातली. मी म्हटलं असतं, "हो, जमेल."

२८ तारखेला सभा आहे. मी सगळ्यांसमोर उठून सांगणार की ती मी होते, आणि हा नियम बदलू देणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल इतरांची, आमच्या कामात ती उघडावी लागते. कदाचित मला उड्डाणावरून काढतील. कामही जाईल. तरी उठणार.

तू रागावलेली असलीस तरी.

ठमी

---

२८ मार्च, सकाळ

आत्या,

तुझं उत्तर नाही. रोज पोस्टाची पेटी उघडून बघते.

आज सभा. तुझे मोजे घातलेत, दोन्ही एकाच रंगाचे. जाते.

ठमी

---

११ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद. धपाटा या खेपेला माझ्या वाटणीचा.

मी गप्प होते ते रागाने नव्हे. पहिले तीन-चार दिवस रागाने होते, खोटं कशाला बोलू. तुझं पत्र टेबलावर उपडं ठेवलं होतं. नंतर मात्र मी जिन्यात पडले.

घाबरू नकोस. उजवा घोटा मोडला, प्लास्टर घातलंय. कळवलं नाही कारण तुझी सभा होती, आणि कारण मला लाज वाटत होती. कशी पडले ते सांगते. त्या दिवशी सकाळपासून डोकं गरगरत होतं. भिंतीला धरून चहा केला. इतक्यात वाचनालयाच्या चिटणीसबाई दारात. परत करायची पुस्तकं माझ्याकडे साठली होती. म्हणाल्या, "आज आणताय ना? जमेल ना तुम्हाला?" जिना डोळ्यांसमोर हलत होता ठमे, आणि मी म्हटलं, "हो हो, न जमायला काय झालं!" दोन्ही हातांत पुस्तकं. कठड्याला धरायला हातच उरला नव्हता.

मधल्या वळणावर पडून होते. पुस्तकं खालपर्यंत घरंगळली. हाक मारावी तर तीही मारवेना, कोणाला त्रास कशाला म्हणून. पडल्या पडल्याही मला त्रास द्यायचा नव्हता! शेवटी खालच्या बाईंचा धाकटा पाढे म्हणत वर आला आणि मला बघून बारा सत्ते विसरला.

दवाखान्यात तुझं पत्र मागवून घेतलं आणि सरळ करून वाचलं. लाल पेनाशी आले आणि पुढे वाचता येईना. त्या आठवड्यात मी एकदाही रडले नव्हते. ते आत्ता, इतक्या वर्षांनी, शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर रडले. तिला वाटलं पाय दुखतोय. तिने मला तिची उशी दिली.

मी तुला 'पळालीस' म्हटलं. तो शब्द मी खोडते. मास्तरीण आहे, चुकलेलं खोडून शेजारी बरोबर लिहायचं एवढंच मला येतं. तू उभी राहिलीस. जिन्यात मला जे एका शब्दानं टाळता आलं असतं, ते तू पंखा फिरत असताना टाळलंस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी शाळेत किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल.

आता सभेचं लिही, एकही गोष्ट गाळू नकोस. आणि एक सांग. ते म्हणायचं कसं? आवाज चढवून, की हळू? आधी 'माफ करा' म्हणायचं का? हसू नकोस, मला खरंच माहीत नाही.

आत्या

---

१९ एप्रिल

तीर्थरूप आणि मोडक्या आत्यास,

तुझ्या पत्राला दहापैकी दहा. जिन्याचं वाचून आधी घाबरले, मग भयंकर राग आला, मग 'बारा सत्ते'ला हसू आलं. या क्रमाने.

आधी भाऊ. सभेच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. मी बाहेर गेले आणि फाटकाशेजारच्या बाकावर त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "ती मी होते." का ते सांगितलं. विचारलं म्हणून नाही, मला सांगायचं होतं म्हणून. त्यानं हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही दमला होता. ठीक. मग तुमच्या जागी जायला दुसरं कोणी का नव्हतं?" एवढं बोलून निघून गेला. त्यानं मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलीही नव्हती. पण त्याचा प्रश्न मी जसाच्या तसा सभेत नेला.

सभेत उठले. म्हटलं, "ती मी होते. मला त्या दिवशी फोन करायला लावला असता तर मी गेले असते आणि कदाचित माणूस मारला असता." मग भावाचा प्रश्न वाचल्यासारखा म्हणून दाखवला. प्रमुख बाई म्हणाल्या, "पण बाहेरच्या लोकांना आम्ही काय उत्तर द्यायचं?" मी म्हटलं, "हेच. की माणसं कमी होती."

मग डॉक्टर उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला दोनदा 'नाही' म्हणायचं होतं. एकदा अंगात ताप होता, एकदा घरून भांडून आलो होतो. म्हटलं नाही. या बाईंनी म्हटलं, तेव्हापासून मला त्यांच्यासमोर बसवत नाही. लाज वाटते." आत्या, मी महिनाभर समजत होते की ते माझ्यावर नाराज आहेत!

शेवटी कॅप्टन. उठलेसुद्धा नाहीत, बसूनच बोलले. "माझ्या आधीच्या तळावर कारण विचारायचे. तिथे कोणी कधी 'नाही' म्हटलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "तिथले माझे दोन सोबती आज नाहीत." कॅप्टनच्या तोंडून हवेखेरीज काही ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ.

नियम आहे तसाच राहिला. एक परिचारिका पुढच्या महिन्यात येतेय. दुसरीचं प्रमुख बाई 'बघू' म्हणाल्या. तो शब्द माझ्या ओळखीचा आहे, त्यामुळे मी दर सोमवारी वजनाच्या वेळी त्यांना आठवण करून देणार आहे. मला तीन आठवडे जमिनीवर ठेवलं आणि झोपायला सांगितलं. झोपले. कुंभकर्ण लाजला असता. काल पुन्हा पहिल्यांदा गेले. पहिली बाटली वाचली, डॉक्टरांनी परत म्हटलं, आणि शब्द जागच्या जागी राहिला. परत आलो तर बिस्किटांचा डबा गायब. फरशी पुसण्याआधी तो शोधून काढला.

तू विचारलंस कसं म्हणायचं. आवाज चढवायचा नाही, माफीही मागायची नाही. चहात साखर नको म्हणतो ना, तसंच. पुढे काही जोडायचं नाही. जोडलं की समोरचा त्या जोडलेल्याशी वाद घालतो.

आता माझं एक ऐक. तुझा पाय प्लास्टरमध्ये, घर दुसऱ्या मजल्यावर. रिकाम्या खोलीत मी पलंग लावलाय, खिडकीशी खुर्ची, उशाशी दिवा. शेजारीच वाचनालयही आहे, त्यांना तुझ्याबद्दल मुद्दाम सांगितलेलं नाही. मेच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन तुला न्यायला येते. या खेपेला 'बघू' चालणार नाही. काय ते लिही.

तुझी,
ठमी

---

२४ एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद.

नाही.

आत्या

---

२८ एप्रिल

तीर्थरूप आत्यास,

समजलं.

तुझं पत्र मी शेडच्या दारात उभ्या उभ्या वाचलं, आणि मग तिथेच हेल्मेटवर बसले. आधी रडू आलं, कारण पलंगावर नवी चादर घातली होती. का, का, का, असं किती वेळा तोंडाशी आलं म्हणून सांगू! घर सोडवत नाही म्हणून? मुलांचा अभ्यास बुडतो म्हणून? की तो पोस्टमास्तर अजून त्याच गल्लीत राहतो म्हणून? विचारत नाहीये. हे नुसतं लिहिलंय.

कॅप्टनना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "का बरं?" आणि लगेच जीभ चावली. डॉक्टर इतके हसले की डबा स्वतःहून पुढे केला.

रविवारी येतेय. न्यायला नाही, भेटायला. सोमवारपर्यंत सुट्टी घेतलीय, प्रमुख बाईंनी कारण विचारलं नाही. वाचनालयाची पुस्तकं मी पोचवीन आणि मुलांचे पाढेही घेईन. तू वरच थांब, जिना मी चढते.

तुझी,
ठमी